बाटली कुणी दाबली?

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं दिल्लीहून विमानाने ओझरला उतरली आणि तिथून नाशिकला आमच्या घरी आली. पायांतल्या चपला काढायच्या आधीच धाकटीने दप्तरातून पाण्याची एक रिकामी बाटली काढून माझ्यापुढे धरली. बाटलीचं पोट खपाटीला गेलेलं. दोन्ही बाजूंनी चेपलेली, कुणीतरी मुठीत धरून आवळल्यासारखी.

"आजोबा, मी विमानात सगळं पाणी प्यायले आणि झाकण घट्ट लावून ठेवलं. तेव्हा ही चांगली गोल होती. खाली उतरल्यावर बघते तर अशी! दादा शपथ घेऊन सांगतो, त्याने हात लावला नाही. मग बाटली कुणी दाबली?"

"झाकण उघडलंस का मधे?"

"नाही."

"मग आता मुळीच उघडू नकोस. तुझी गोष्ट पुरी होईपर्यंत ही बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात राहू दे. तिच्यात तू फार लांबून काहीतरी घेऊन आली आहेस."

तिने बाटली जपून ठेवली, पण चेहऱ्यावरची आठी गेली नाही. मग हळूच म्हणाली, "आणि आजोबा, विमानातली ताई सांगत होती की वरून मास्क खाली आले तर मोठ्यांनी आधी स्वतःला लावायचा, मग मुलांना. म्हणजे आई आधी स्वतःला लावणार? मला नाही आवडलं ते."

तिची आई, म्हणजे माझी सून, बॅगा आत नेता नेता थांबली. म्हणाली, "खरं सांगू का बाबा, मलाही ते ऐकवत नाही. घरात आधी मुलांची ताटं वाढते, मग मी बसते. आणि तिथे म्हणे आधी स्वतःचं बघा."

मी म्हटलं, "या दोन्ही कोड्यांची किल्ली एकच आहे. रात्री जेवणं होऊ देत, मग गच्चीवर बसू."

रात्री गच्चीवर आजीने गोधड्या आणून ठेवल्या. एकावर एक रचलेली आठ-दहा गोधड्यांची चळत. मी नातवाला विचारलं, "यातली सगळ्यांत चपटी गोधडी कुठली?"

"सगळ्यांत खालची. तिच्यावर सगळ्यांचं वजन आहे ना."

"आणि सगळ्यांत फुगीर?"

"वरची."

"झालं तर मग. हवेचंही असंच आहे, बाळांनो. आपल्या डोक्यावर हवेच्या गोधड्या रचलेल्या आहेत, कित्येक किलोमीटर उंच. आपण राहतो त्या चळतीच्या तळाशी. म्हणून इथली हवा दाबलेली, घट्ट. जसजसं वर जावं, तसतशी ती फुगीर आणि विरळ होत जाते. समुद्रकाठी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार साधारण एक किलो असतो. तुझा हा इवलासा तळवा, धर साठ चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे त्याच्यावर साठेक किलो. तुझी आई तुझ्या हातावर उभी राहावी एवढा."

धाकटीने तळवा पुढे धरून निरखून पाहिला. "मग मला लागत कसं नाही?"

"कारण हवा वरून दाबते तशी खालूनही दाबते, आणि तुझ्या शरीराच्या आतूनही तेवढाच रेटा बाहेर येतो. दोन्हीकडून सारखे जोर लावल्यावर दोरीखेचीतला रुमाल जागचा हलत नाही, तसं. १६४८ साली फ्रान्समध्ये फ्लोरँ पेरिए नावाचा एक गृहस्थ पाऱ्याची नळी घेऊन प्युई द दोम नावाच्या डोंगरावर चढला. त्याचा मेहुणा ब्लेझ पास्कल हा मोठा शास्त्रज्ञ, त्याने ही कामगिरी सांगितली होती. पायथ्यापेक्षा माथ्यावर नळीतला पारा खाली उतरलेला दिसला. डोंगर चढताना हवेच्या काही गोधड्या आपल्या पायांखाली जातात, डोक्यावरच्या कमी होतात, हे तेव्हा सिद्ध झालं."

नातू म्हणाला, "म्हणजे आपण कळसूबाईला गेलो तेव्हाही?"

"तेव्हाही. कळसूबाई १६४६ मीटर. तिथे फरक थोडा, म्हणून फक्त दम लागला. पण साडेपाच किलोमीटरवर हवेचा दाब निम्मा होतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक तृतीयांश. आणि तुम्ही आज ज्या उंचीवरून आलात, साधारण अकरा किलोमीटर, म्हणजे ३६,००० फूट, तिथे तर पाव हिस्साही उरत नाही. वर थंडी शून्याखाली पन्नास-पंचावन्न अंश. ढगांच्याही वर, लखलखीत ऊन, आणि अशी हवा की तिच्यात माणूस एक मिनिटही धड शुद्धीवर राहू शकत नाही. तिथे तुम्ही बसून सिनेमा पाहत होतात आणि पराठा खात होतात. मुलांनो, हे केवढं मोठं नवल आहे, याचा कधी विचार केलात?"

आता मला आजीच्या स्वयंपाकघराची मदत लागणार होती. मी आजीला तिचा कुकर आणायला सांगितलं. तो जुना, आतून झाकण बसणारा. धाकटीने झाकण तिरकं करून आत घातलं, फिरवलं आणि वर ओढून दांडीला अडकवलं.

"हे झाकण बघ. तोंडापेक्षा मोठं आहे. आत वाफ कोंडली की तीच वाफ झाकणाला आतून वर रेटते आणि ते जास्तच घट्ट बसतं. आतली वाफ जिरेपर्यंत आजीने कितीही जोर लावला तरी उघडत नाही. बऱ्याच प्रवासी विमानांची दारं अशीच असतात. उघडताना आधी थोडी आत येतात, मग बाहेर जातात. वर गेल्यावर आतली हवा त्या दाराला बाहेर रेटत असते. किती जोराने? पुरुषभर उंचीच्या त्या दारावर सात-आठ टन. दीड-दोन हत्तींचं वजन. म्हणून वर असताना कुणी वेड्यासारखं दार उघडायला गेलं, तरी ते उघडत नाही. तू ज्या फूटभर खिडकीला नाक लावून बसली होतीस, तिच्यावरही साडेचारशे किलोच्या वर भार होता. म्हणून ती काच एकेरी नसते, एकामागे एक तीन असतात. मधल्या काचेला खाली एक बारीक भोक असतं, दिसलं का तुला?"

"हो! त्याच्याभोवती बर्फाची नक्षी झाली होती!"

"तेच. त्या भोकातून दाब सारखा होतो आणि सगळा भार बाहेरच्या काचेवर जातो. बाहेरची तडकलीच, तर मधली तो भार पेलायला तयार असते."

मग विमानात ही हवा येते कुठून, तेही सांगितलं. बहुतेक विमानांत इंजिनच बाहेरची विरळ हवा ओढून दाबतं. दाबलेली हवा तापते, सायकलच्या पंपाचं नळकांडं तापतं तशी, पण त्याहून कितीतरी जास्त. तिच्यातला काही भाग काढून घेऊन, थंड करून विमानात सोडतात. आणि विमानाच्या शेपटीकडे एक झडप असते, तिच्यातून ती बाहेर पडत राहते. कुकरच्या शिट्टीचं काम ही झडप करते. फक्त ती एकदम शिट्टी मारत नाही, थोडी उघडते, थोडी मिटते आणि आतला दाब पाहिजे तेवढा राखते. हवा कोंडून ठेवली असती, तर शेकडो माणसांच्या श्वासाने ती शिळी झाली असती. म्हणून विमानातून हवेची एक नदी वाहत असते. एकीकडून ताजी येते, दुसरीकडून जाते. आणि झडप बिघडून दाब फारच वाढला, तर कुकरसारखा सेफ्टी वॉल्व विमानालाही असतो.

नातवाने विचारलं, "मग आत अगदी नाशिकसारखीच हवा का नाही ठेवत?"

"ठेवली असती, तर आतबाहेरच्या दाबातला फरक फार वाढला असता. तो पेलायला विमानाचं अंग आणखी जाड करावं लागलं असतं, वजन वाढलं असतं. म्हणून माणसाने एक मध्यममार्ग काढला. केबिनमधली हवा जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या डोंगरावर असते तेवढी विरळ होऊ द्यायची, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे विमान असतं एव्हरेस्टच्या दोन किलोमीटर वर, आणि तुम्ही आत बसलेले असता कळसूबाईच्या साधारण दीडपट उंचीच्या डोंगरावर. उतरताना ती हवा हळूहळू परत दाट करतात. तेव्हा कान दुखतात, कारण कानाच्या पडद्यामागची हवा अजून डोंगरावरचीच असते. गोळी चघळली, आवंढा गिळला की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो."

धाकटी एकदम उठून बसली. "आजोबा! बाटलीला घसा नसतो!"

"शाब्बास गं माझी राणी!" मी म्हटलं. "पण कोडं अर्धंच सुटलंय. बाटली तिथेच राहू दे. आता मास्कची गोष्ट. ही गोष्ट जरा दुःखाची आहे, पण ऐकायलाच हवी अशी आहे."

सगळे जवळ सरकले.

"१५ एप्रिल १८७५. पॅरिसहून 'झेनिथ' नावाचा एक मोठा फुगा आकाशात निघाला. खालच्या टोपलीत तिघे मित्र. गास्तों तिसांदिये, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. त्यांना माणसाला जाता येईल तेवढं वर जाऊन हवा मोजायची होती. वर प्राणवायू कमी पडतो, हे त्यांना ठाऊक होतं. पॉल बेर नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांच्यातल्या दोघांना आपल्या पोलादी खोलीत बसवून, आतली हवा काढून घेऊन, उंचीवर काय होतं याचा अनुभव दिला होता. हवेत प्राणवायूचा वाटा खाली काय, वर काय, सारखाच असतो, पाचवा हिस्सा. पण त्याच बेरने दाखवून दिलं होतं की वर सगळी हवाच विरळ, त्यामुळे एका श्वासात प्राणवायू येतो थोडा आणि रक्तात तो शिरायला लागणारा रेटाही कमी पडतो. म्हणून तिघांनी प्राणवायूच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. बेरने त्यांना पत्रही लिहिलं होतं की एवढा प्राणवायू पुरणार नाही. पण ते पत्र वेळेवर पोचलं नाही."

"फुगा सात हजार मीटरच्या वर गेला. पिशव्या डोक्याशी टांगलेल्या. हात वर केला की नळी तोंडात. पण ऐन गरजेच्या वेळी कुणी हात वर केला नाही. का केला नसेल? सांगा बघू."

नातू म्हणाला, "घाबरले असतील."

"नाही रे. तेच तर सांगतो. तिसांदियेने नंतर लिहून ठेवलं आहे की त्या वेळी दुखत काही नव्हतं, भीती तर नव्हतीच. उलट मन कसं हलकं, आनंदी झालं होतं. सगळं छान चाललंय असं वाटत होतं. सिव्हेलने तर आणखी वर जाऊ या म्हणून वाळूच्या पिशव्या कापून टाकल्या. थोड्या वेळाने तिसांदियेला नळी घ्यावीशी वाटली, तेव्हा हात हलेना. बोलावंसं वाटलं, तेव्हा जीभ हलेना. आणि तो झोपी गेला. शेवटी जाग आली तेव्हा फुगा खाली येत होता आणि दोघे मित्र कायमचे निजले होते. फुगा ८,००० मीटरच्या वर जाऊन आला होता. तिसांदिये वाचला, पण त्याचे कान गेले ते गेलेच. आणि प्राणवायूच्या पिशव्या तशाच, हाताच्या अंतरावर लटकत होत्या."

गच्चीवर कुणी बोललं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज तेवढा आला.

"गोष्टीतला चोर आधी काय करतो?" मी विचारलं. "डोळ्यांत तेल घालून बसलेल्या पहारेकऱ्यालाच तो आधी गुंगी देतो. मग तिजोरीला हात घालतो. विरळ हवा असाच चोर आहे. आपल्या शरीराचा पहारेकरी कोण? आपलं डोकं. काहीतरी बिघडलंय हे ओळखायचं काम त्याचं. आणि प्राणवायू कमी पडला की आधी गुंगतं तेही डोकंच. पाण्यात नाकातोंड दाबलं गेलं तर जीव तडफडतो, कारण श्वास बाहेर टाकता येत नाही आणि आत कोंडलेला वायू शरीराला ओरडून सांगतो. विरळ हवेत तसं होत नाही. श्वास सुखाने चालू असतो. छाती हलत असते. ओरडून सांगणारं कुणी नसतं. ३५,००० फुटांवर दाब गेला, तर माणसाला शहाण्यासारखं काही करायला अर्धं ते एक मिनिट मिळतं. पंचवीस हजारांवर तीन ते पाच मिनिटं. त्यानंतर डोळे उघडे असले तरी हात ऐकत नाहीत."

मग मी नातवाला घड्याळ धरायला लावलं. सुनेला तीन मोठे रुमाल दिले. म्हटलं, "हे मास्क. नाकातोंडावर धरून मागे गाठ मारायची. आधी तुझ्या मनासारखं कर. धाकटीला पहिलं."

घड्याळ सुरू झालं. धाकटी मुद्दाम नाही, पण खरोखरच मान हलवत होती. वेणी मधे येत होती, रुमाल डोळ्यांवर जात होता. मग दादाचा. तो घड्याळ पाहण्यात गुंतलेला. आईने शेवटी स्वतःच्या रुमालाची गाठ मारली तेव्हा नातू ओरडला, "बावन्न सेकंद!"

"बावन्न," मी म्हटलं. "म्हणजे दुसऱ्या मुलाची गाठ मारता मारताच हात ढिले पडायची वेळ आली असती. तिला वाटलं असतं, सगळं ठीक चाललंय. आणि मग तुमच्याकडे बघायला कोण उरलं असतं? आता उलट कर."

दुसऱ्या खेपेला तिने स्वतःचा रुमाल सहा सेकंदांत बांधला. मग मुलांचे, घाई न करता, नीट. वेळ तेवढाच गेला. पण या वेळी तिची शुद्ध पहिल्यापासून शेवटपर्यंत पक्की होती.

"बाळा, तू अर्धं मिनिट गुंगलीस, तरी आईने मास्क लावला की थोड्याच वेळात डोळे उघडशील. पण आई गुंगली, तर तुझ्या तोंडाला मास्क लावणारे हातच गेले. आधी स्वतःला लावते ती आई तुला मागे ठेवत नाही. ती तुझ्यासाठी स्वतःला जागी ठेवते."

धाकटी काही बोलली नाही. उठली आणि आईच्या मांडीवर जाऊन बसली.

मग मास्कबद्दल माहिती असायलाच हवी अशा काही गोष्टी मी सांगितल्या. केबिनमधली हवा १४,००० फुटांइतकी विरळ झाली की मास्क आपोआप खाली पडतात. नुसता तोंडाशी धरून भागत नाही, तो आपल्याकडे खेचायचा, कारण बऱ्याच विमानांत त्या ओढीनेच वरची पिन निघते. वर एका नळकांड्यात सोडिअम क्लोरेट असतं. ते तापून प्राणवायू सोडू लागतं. म्हणून थोडा जळका वास येतो, त्याला घाबरायचं नाही. मास्कखालची पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येत असतो, म्हणून मास्क काढायचा नाही. दाब एकदम गेला तर केबिनमध्ये क्षणात धुकं पसरतं. तो धूर नसतो, हवा अचानक गार झाल्याने वाफेचं झालेलं दव असतं.

"प्राणवायू किती वेळ पुरतो?" नातवाने विचारलं.

"साधारण बारा-पंधरा मिनिटं."

"एवढाच?"

"एवढा पुरतो, कारण तेवढ्यात वैमानिक विमान खाली आणतात. पुढे कॉकपिटमध्ये काय होतं ते ऐक. तिथे घंटा १०,००० फुटांनाच वाजते, तुमचे मास्क पडायच्या आधी. घंटा वाजली की दोघे वैमानिक पहिलं काम कुठलं करतात? स्वतःचे मास्क चढवतात. एका हाताने, पाच सेकंदांत, असे ते बनवलेलेच असतात. काय बिघडलं, कसं बिघडलं, ही चर्चा नंतर. कारण मास्क नसेल तर चर्चा करणारं डोकंच भरवशाचं नाही. मग एकमेकांशी बोलता येतंय ना ते बघायचं, दाबाची बटणं आणि झडप तपासायची, आणि दाब हाती लागत नसेल तर विमान खाली घ्यायचं. इंजिनाचा जोर कमी, पंखांवरचे अडसर उभे, आणि मिनिटाला पाच-सहा हजार फूट खाली. आत बसलेल्याला वाटतं विमान कोसळतंय. ते कोसळत नसतं. माणसांना दाट हवेत नेण्यासाठी वैमानिकाने मुद्दाम, हिशेबाने मारलेली ती बुडी असते. चार-पाच मिनिटांत विमान १०,००० फुटांवर येतं आणि तिथे मास्कशिवायही श्वास घेता येतो."

"आणि खाली हिमालय असला तर?"

मला तो प्रश्न फार आवडला. "तर एवढं खाली येता येत नाही. म्हणून तिबेटच्या पठारावरून जाणाऱ्या विमानात जास्त वेळ पुरेल एवढा प्राणवायू ठेवतात, आणि कुठल्या ठिकाणाहून कुठल्या वाटेने सखल भागाकडे वळायचं, ते निघायच्या आधीच आखून ठेवलेलं असतं."

"सगळे वैमानिक घंटा ऐकतात का?" धाकटीने विचारलं. मुलांशी खोटं बोलू नये, म्हणून मी खरं ते सांगितलं.

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रस बेटावरच्या लार्नाकाहून हेलिओस ५२२ हे विमान अथेन्सला निघालं. आदल्या रात्री दुरुस्तीच्या वेळी दाब राखणारं बटण 'आपोआप'वरून 'हाताने'वर फिरवलं होतं आणि ते तसंच राहिलं. विमान वर जात राहिलं, पण आत दाब राखलाच गेला नाही. घंटा वाजली. पण त्या विमानात उड्डाणाची तयारी अपुरी असल्याची घंटा आणि दाबाची घंटा, दोन्हींचा आवाज एकच होता. वैमानिकांना वाटलं, ही दुसरीच काही तक्रार आहे. ते जमिनीवरच्या माणसांशी बोलत राहिले, कारण शोधत राहिले आणि शोधता शोधताच गुंगीत गेले. विमान मात्र आपल्या यंत्रावर, आखलेल्या वाटेने अथेन्सपर्यंत गेलं आणि तिथे आकाशात घिरट्या घालत राहिलं. केबिन कर्मचाऱ्यांपैकी एक तरुण शेवटपर्यंत शुद्धीवर होता. तो कॉकपिटमध्ये शिरताना शेजारून उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांनी पाहिला. पण तोवर इंधन संपत आलं होतं. विमानातले १२१ जण, एकही वाचला नाही.

"त्यानंतर माणूस शिकला," मी म्हटलं. "त्या जातीच्या विमानांत दाबासाठी वेगळा, नावानिशी पेटणारा दिवा बसवायला लावला. पण शिकणं एकदाच करून भागत नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या मुंबईहून जयपूरला एक विमान निघालं, आत १६६ प्रवासी. इंजिनातली हवा केबिनमध्ये सोडणारं बटण दाबायचं राहून गेलं. मास्क खाली आले. तीसेक जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं. विमान लगेच मुंबईला परत वळवलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बटण वेगळं, विसर तोच. फरक एवढाच की इथे वेळेवर खाली आले."

मुलांचे चेहरे उतरलेले पाहून मी त्यांना साउदम्प्टनची गोष्ट सांगितली. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेल्या विमानाची पुढची काच १७,००० फुटांवर निखळून उडाली. ती काच नुकतीच बसवली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त बारीक होते. आतली हवा सुसाट बाहेर धावली आणि तिने कॅप्टन टिम लँकेस्टर यांना कमरेपर्यंत बाहेर खेचलं. कर्मचारी नायजेल ऑग्डेन धावत आत आले आणि त्यांनी कॅप्टनला कमरेशी घट्ट धरलं. त्यांचे हात गारठून गेले, तेव्हा दुसऱ्यांनी धरलं. कुणी सोडलं नाही. तेवढ्या वाऱ्यात, कागद उडत असताना, सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान दाट हवेत आणलं आणि काही मिनिटांत साउदम्प्टनला उतरवलं. सगळे जगले. कॅप्टनसुद्धा, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा विमान चालवायला लागले.

नातवाने मोठा श्वास सोडला. मग आकाशाकडे पाहत म्हणाला, "पक्ष्यांना नाही होत असं?"

"आठवतं, मागच्या हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पाहिलेले राखी हंस? डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले?"

"पट्टकादंब!"

"तेच. ते मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांना सात हजार मीटरच्या वर उडताना मोजलंय. त्यांच्याकडे फुगा नाही, मास्क नाही, इंजिन नाही. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच असं आहे की विरळ हवेतलाही प्राणवायू ते घट्ट पकडतं. छाती मोठी, श्वास खोल. ज्या उंचीच्या आसपास झेनिथमधले दोघे कायमचे निजले, तिथून हे पक्षी पंख मारत गोदावरीकाठी हरभरा खायला येतात. निसर्गाने त्यांना हे लाखो वर्षांत दिलं. आपल्याला दिलं नाही. म्हणून आपण आपली हवा डब्यात भरून बरोबर नेतो, आणि डोकं गुंगलं तर काय करायचं, ते डोकं ताजं असताना ठरवून ठेवतो. ती विमानातली ताई उभी राहून सांगते ना, ते हेच ठरवून ठेवलेलं. तेव्हा मोबाइल खाली ठेवून तिच्याकडे बघायचं. दर वेळी."

धाकटी उठली आणि खाली जाऊन बाटली घेऊन आली. "आता मी सांगते," ती म्हणाली. "झाकण लावलं तेव्हा बाटलीत डोंगरावरची हवा होती. पातळ. खाली आल्यावर बाहेरची हवा दाट झाली. बाटलीला घसा नाही, म्हणून तिच्यात नवी हवा जाऊ शकली नाही. बाहेरच्या हवेने तिला दाबलं."

"अगदी बरोबर. ही हवा मध्य प्रदेशाच्या वर कुठेतरी बंद झाली आणि नाशिकच्या हवेने तिला मिठी मारली. आता उघड."

तिने बाटली कानाशी धरली आणि झाकण फिरवलं. 'फुस्स' झालं, आणि पाठोपाठ प्लास्टिकचा 'टक्' असा आवाज होऊन बाटलीचं पोट बाहेर आलं.

"गेली आत," ती कुजबुजली.

मग तिने तो एक रुमाल उचलला आणि आईच्या हातात दिला. "आई, पुन्हा एकदा करू या. आधी तू बांध."